लोकलहोस्ट : संगणकाचा स्वतःशी संवाद आणि पत्त्यांचे अर्थकारण

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून बाजार समितीतील कांद्याची दैनंदिन आवक व भाव दाखविणारे छोटेसे संकेतस्थळ तयार केले. अहवालाच्या शेवटच्या पानावर त्याने संकेतस्थळाचा पत्ता दिला होता व तो 'लोकलहोस्ट' या शब्दाने सुरू होत होता. मी घरी बसून तो पत्ता ब्राउझरमध्ये टंकला. जोडणी नाकारण्यात आली आहे, असा संदेश पडद्यावर आला. दोन-तीनदा प्रयत्न करूनही तोच अनुभव. अखेर 'संकेतस्थळ अस्तित्वात नाही' असा शेरा मारून मी त्या भागाचे गुण कापले. दुसऱ्या दिवशी तो भेटावयास आला, तेव्हा "सर, माझ्याकडे चालते हो," एवढेच पुनःपुन्हा म्हणत राहिला. मला ती सबब वाटली. त्या गुणांवर त्याची प्रथम श्रेणी अवलंबून होती, हे मला नंतर कळले.

तो खोटे बोलत नव्हता. जोडणी नाकारणारा संगणक त्याचा नव्हताच, तो माझा स्वतःचा होता. ही गोष्ट ज्याला उलगडली त्याला प्रस्तुत विषयाचा निम्मा भाग समजला, असे म्हणावयास हरकत नाही. माहिती तंत्रज्ञान, ई-शासन व सायबर सुरक्षा हे विषय आता सामान्य अध्ययनाच्या अभ्यासक्रमाचा भाग झाले आहेत. तथापि, विद्यार्थी संज्ञांच्या व्याख्या पाठ करतात आणि त्यामागील यंत्रणेकडे दुर्लक्ष करतात, असे अनेकदा आढळते. म्हणून या लहानशा वाटणाऱ्या संकल्पनेचा थोडा विस्ताराने विचार करू.

पत्ता आणि त्याची घडण

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला ओळखण्यासाठी अंकीय पत्ता असतो. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजाने इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीची, म्हणजे आयपीव्ही४ची, रचना निश्चित केली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे या पद्धतीवर आले. हा पत्ता ३२ बिटांचा असतो. वाचावयास सोपा जावा म्हणून तो आठ-आठ बिटांच्या चार गटांत, प्रत्येक गट ० ते २५५ या मर्यादेतील संख्येने लिहिला जातो. यावरून एकूण संभाव्य पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारे ४२९ कोटी होतात.

या पत्त्यांपैकी १२७ या संख्येने सुरू होणारे सर्व पत्ते राखून ठेवलेले आहेत. त्यांना लूपबॅक पत्ते म्हणतात. लूपबॅक म्हणजे वळसा घेऊन मूळ ठिकाणी परत येणे. या गटातील १२७.०.०.१ हा पत्ता सर्वाधिक वापरला जातो. त्याचा अर्थ एवढाच की, 'ज्या संगणकावर हा पत्ता उच्चारला गेला तोच संगणक'. मराठीतील 'मी' या सर्वनामासारखेच हे आहे. शब्द एकच, परंतु बोलणारा बदलला की अर्थ बदलतो. विद्यार्थ्याने 'मी' म्हटले तेव्हा त्याचा अर्थ त्याचा संगणक असा होता. तोच शब्द मी उच्चारताच त्याचा अर्थ माझा संगणक असा झाला. माझ्या संगणकावर कांद्याच्या भावाचा सर्व्हर नव्हता, तेव्हा त्याने नकार दिला यात नवल ते काय?

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. 'जोडणी नाकारली' आणि 'प्रतिसाद वेळेत आला नाही' हे दोन वेगळे संदेश होत. पहिल्यात पत्ता सापडलेला असतो, तेथील यंत्रणा जागी असते, परंतु विचारलेल्या दारावर कोणीही बसलेले नसते. दुसऱ्यात पलीकडून काही उत्तरच येत नाही. मला पहिला संदेश मिळाला होता. तो नीट वाचला असता तर विद्यार्थ्यावर अन्याय झाला नसता.

पॅकेटचा प्रवास

आपण १२७.०.०.१ कडे माहिती पाठवितो तेव्हा ती नेटवर्क कार्डापर्यंत पोहोचतच नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीतील प्रोटोकॉलचे स्तर ती नेहमीप्रमाणे बांधून पॅकेट तयार करतात. पत्ता १२७ ने सुरू होतो हे दिसताच कार्यप्रणाली ते पॅकेट बाहेर न सोडता लूपबॅक नावाच्या आभासी जोडणीकडे देते आणि तेथून ते लगेच आत येणाऱ्या माहितीच्या मार्गावर लागते. त्यामुळे केबल काढून ठेवली, वाय-फाय बंद केले, तरी हा संवाद सुरळीत चालतो. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये तर स्पष्ट दंडक आहे की, १२७ ने सुरू होणारा पत्ता संगणकाच्या बाहेर कोणत्याही जाळ्यावर दिसता कामा नये.

मग अशा संवादाचा उपयोग काय? संकेतस्थळ विकसित करणाऱ्यास दोन भूमिका एकाच वेळी वठवाव्या लागतात. एक सर्व्हरची, म्हणजे पाने पुरविणाऱ्याची, आणि दुसरी ब्राउझरची, म्हणजे पाने मागणाऱ्याची. लूपबॅकमुळे या दोन्ही भूमिका एकाच संगणकावर पार पडतात. भाड्याची जागा नको, नोंदणीकृत नाव नको, इंटरनेटची जोडणीही नको. जिथे वीज आणि एक जुना संगणक आहे तिथे बसून विद्यार्थी संपूर्ण संकेतस्थळ उभारू शकतो. माझ्या विद्यार्थ्याने तेच केले होते. त्याच्या गावी इंटरनेट अधूनमधूनच येत असे. प्रवेशाचा खर्च इतका कमी असलेले उत्पादनक्षेत्र अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सापडते.

एका संगणकावर अनेक सेवा चालू असू शकतात. त्या वेगळ्या ओळखण्यासाठी पोर्ट क्रमांक असतो. इमारतीचा पत्ता एक आणि खोल्यांचे क्रमांक निराळे, तसाच हा प्रकार. पोर्ट क्रमांक १६ बिटांचा असल्याने तो ० ते ६५,५३५ या मर्यादेत असतो. साध्या संकेतस्थळासाठी ८०, सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३ आणि मायएसक्यूएल या माहितीसाठ्यासाठी ३३०६ असे प्रघात आहेत. युनिक्स परंपरेत १०२४ च्या खालील पोर्ट सामान्य वापरकर्त्यास उघडता येत नसत. विकासक ८०८० किंवा ३००० असे क्रमांक वापरताना दिसतात, त्याचे एक कारण हे आहे.

नाव आणि पत्ता यांतील फरक

लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ हे समानार्थी मानले जातात व बव्हंशी ते खरेही आहे. परंतु पहिले नाव आहे आणि दुसरा पत्ता. नावाचे पत्त्यात रूपांतर व्हावे लागते. हे काम सर्वसाधारणपणे संगणकातच असलेल्या 'होस्ट्स' नावाच्या छोट्या फाईलमधील नोंदीने होते. जून १९९९ च्या आरएफसी २६०६ ने 'लोकलहोस्ट' हे सर्वोच्च स्तरावरील नाव राखून ठेवले, म्हणजे ते कोणालाही विकत घेता येत नाही. फेब्रुवारी २०१३ च्या आरएफसी ६७६१ ने या नावाचे उत्तर लूपबॅक पत्ताच असावे, हे अधिक काटेकोरपणे सांगितले.

पुढे आयपीव्ही६ आले. त्यात पत्ता १२८ बिटांचा असून लूपबॅकसाठी अवघा एक पत्ता राखलेला आहे. तो '::१' असा लिहितात. त्यामुळे लोकलहोस्ट या एका नावाची दोन उत्तरे संभवतात. सर्व्हर केवळ जुन्या पत्त्यावर ऐकत असेल आणि ब्राउझर वा अन्य आज्ञावली नव्या पत्त्यावर विचारणा करीत असेल, तर दोघेही एकाच संगणकात असून भेट होत नाही. नोड.जेएस या लोकप्रिय आज्ञावलीच्या १७ व्या आवृत्तीने २०२१ मध्ये नावांची उत्तरे मिळतील त्याच क्रमाने घेण्यास आरंभ केला, तेव्हा अनेक विकासकांना हा अनुभव आला. मायएसक्यूएलचे उदाहरण आणखी मासलेवाईक आहे. युनिक्स कुळातील संगणकांवर 'लोकलहोस्ट' म्हटले की, तो जाळ्याचा मार्गच सोडून फाईलसदृश सॉकेटमधून जोडणी करतो, १२७.०.०.१ म्हटले की जाळ्याच्या मार्गाने. अलीकडे कंटेनर पद्धतीने आज्ञावली चालविल्या जातात. तेथे प्रत्येक कंटेनरचे 'मी' स्वतंत्र असते, हे न कळल्याने नवशिके तासन् तास घालवितात.

एक कोटी सदुसष्ट लक्ष पत्त्यांचा प्रश्न

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळतो. जानेवारी १९८१ च्या आरएफसी ७७६ मध्ये १२७ हा जाळे-क्रमांक 'राखीव' म्हणून नोंदविलेला दिसतो. नोव्हेंबर १९८६ च्या आरएफसी ९९० मध्ये त्याला लूपबॅकचे काम दिल्याची नोंद आहे. त्या काळी पत्त्यांचे वर्ग असत व 'अ' वर्गातील जाळ्याचा पहिला गट ० ते १२७ असे. १२७ ही त्या वर्गातील शेवटची संख्या. तिच्या पोटात १,६७,७७,२१६ पत्ते येतात. म्हणजे एका 'मी' साठी एकूण पत्त्यांच्या २५६ व्या भागाएवढी जागा!

ही उधळपट्टी म्हणावी काय? आज तसे वाटते. परंतु १९८१ साली जगात इंटरनेटला जोडलेले संगणक काही शेकड्यांच्या घरात होते आणि पत्ते ४२९ कोटी. ज्या वस्तूचा पुरवठा अमर्याद भासतो तिला किंमत नसते आणि जिला किंमत नाही तिचे वाटप सैल हाताने होते. विहिरी भरलेल्या असताना गावात पाण्याचा हिशेब कोण ठेवतो? पुढे टंचाई आली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयाना या जागतिक यंत्रणेकडील मोकळ्या पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट विभागीय संस्थांना वाटून संपले. आशिया-प्रशांत विभागाचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी अखेरच्या गटावर आला आणि वाटपावर कडक मर्यादा घालाव्या लागल्या. त्याच वर्षी दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीकडून मायक्रोसॉफ्टने ६,६६,६२४ पत्ते ७५ लक्ष डॉलरना घेतले. प्रत्येक पत्त्याला ११.२५ डॉलर पडले. फुकट मिळालेल्या वस्तूला बाजारभाव आला.

या दराने लूपबॅक गटाची किंमत सुमारे १८ कोटी ८७ लक्ष डॉलर होते. विद्यार्थी मित्रांनी मात्र असा गुणाकार सावधपणे वाचावा. प्रथम, एवढा साठा एकदम बाजारात आला तर भाव तोच राहणार नाही. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे, जगातील प्रत्येक संगणक, फोन व राऊटर १२७ पाहताच पॅकेट आतच वळवितो. ही सवय कोट्यवधी यंत्रांत मुरलेली आहे. २०२१ मध्ये १२७.०.०.० ते १२७.०.२५५.२५५ हे ६५,५३६ पत्ते लूपबॅकसाठी ठेवून उर्वरित पत्ते सर्वसाधारण वापरास खुले करावेत, असा मसुदा इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या आयईटीएफसमोर मांडण्यात आला. तो मानक म्हणून स्वीकारला गेला नाही. सर्व यंत्रे बदलण्याचा खर्च पत्त्यांच्या लाभापेक्षा मोठा ठरतो आणि तेवढ्याच श्रमात आयपीव्ही६ कडे जाता येते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पूर्वी घेतलेल्या निर्णयाची पकड पुढील पिढ्यांवर कशी राहते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सुचत नाही. आयपीव्ही६ च्या रचनाकारांनी एकच पत्ता राखला, तोही पत्ते अक्षरशः मोजण्यापलीकडे उपलब्ध असताना.

भारताच्या दृष्टीने या टंचाईचा अर्थ वेगळा आहे. आपण उशिरा आलो, त्यामुळे लोकसंख्येच्या मानाने आपल्या वाट्याला जुने पत्ते फारच थोडे आले. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये आयपीव्ही६ च्या अंमलबजावणीचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला व मार्च २०१३ मध्ये दुसरा. मोबाईल सेवांच्या विस्ताराबरोबर आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत जाऊन बसला. टंचाईने नवीन तंत्राचा स्वीकार लवकर घडविला, असे म्हणता येईल.

तीन पत्ते, तीन अर्थ

परीक्षेत आणि प्रत्यक्षातही गोंधळ होतो तो पुढील पत्त्यांत. १२७.०.०.१ म्हणजे फक्त हा संगणक. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते म्हणजे घर, कार्यालय वा प्रयोगशाळेचे अंतर्गत जाळे. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने ते, १० ने सुरू होणारे व १७२.१६ ते १७२.३१ हे गट खाजगी वापरासाठी ठेवले आहेत. आणि सर्व्हरच्या मांडणीत ०.०.०.० असे लिहिले की त्याचा अर्थ, या संगणकाच्या सर्व जोडण्यांवर ऐकत राहा, मग विचारणारा आतला असो वा बाहेरचा.

या शेवटच्या पत्त्यात धोका आहे. घरातील कपाट आणि रस्त्यावरील टपरी यांत जेवढा फरक, तेवढाच १२७.०.०.१ आणि ०.०.०.० यांत. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या माहितीसाठ्याचे हजारो सर्व्हर परवलीच्या शब्दाविना इंटरनेटवर उघडे असल्याचे हल्लेखोरांच्या ध्यानात आले. त्यांनी त्यांतील माहिती पुसली व ती परत करण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. कुलूप फोडावे लागलेच नाही, कारण ते लावलेलेच नव्हते. त्याच वर्षी आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून, सांगितले नाही तर केवळ लोकलहोस्टवरच ऐकावे, अशी त्याची मूळ मांडणी सर्वत्र करण्यात आली. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर दर सेकंदास १.३५ टेराबिट इतका माहितीचा लोंढा आदळला. त्यासाठी वापरले गेलेले मेमकॅश्ड सर्व्हर हे अंतर्गत वापरासाठी असूनही बाहेर उघडे राहिलेले होते.

आपल्याकडे अशा निष्काळजीपणास आता कायद्याची किंमत आहे. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मांडणीच्या फाईलमधील चार अंक आणि एवढी रक्कम! अर्थात लूपबॅक म्हणजे अभेद्य कवच, असाही समज नको. त्याच संगणकावरील अन्य आज्ञावली त्या दारापर्यंत पोहोचू शकतातच.

घरातील वेग आणि दारी येणारा वेळ

लोकलहोस्टवर उत्तम चाललेले संकेतस्थळ प्रत्यक्षात कंटाळवाणे का ठरते, हा प्रश्न ई-शासनाच्या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लूपबॅकवर विचारणा व उत्तर यांस मिलिसेकंदाचा अल्पसा अंश लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईपासून न्यूयॉर्कचे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे जाण्या-येण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागणारच. काचतंतूच्या मार्गाने ते याहून कमी करता येत नाही. एखादा अर्ज भरताना एकामागून एक वीस विचारणा होत असतील तर केवळ अंतरापोटी अडीच सेकंद गेले. त्यात दुर्गम भागातील क्षीण मोबाईल लहर मिळवा. विकासकाच्या मेजावर हे काहीच दिसत नाही. मुख्यालयात यशस्वी ठरलेली योजना पाड्यावर का अडते, याचा अभ्यास करण्यात मी नोकरीची अनेक वर्षे घालविली. त्यामुळे 'माझ्याकडे चालते' हे वाक्य मला संगणकापुरते मर्यादित वाटत नाही.

एकेकाळी देशांतर्गत संवादाचीही अशीच गत होती. मुंबईतील एका सेवादात्याचा ग्राहक शेजारच्या इमारतीतील दुसऱ्या सेवादात्याच्या ग्राहकास संदेश पाठवी, तेव्हा तो परदेशी वळसा घालून येण्याची शक्यता असे. आंतरराष्ट्रीय जोडणीचे भाडे परकीय चलनात भरावे लागे ते वेगळेच. यावर उपाय म्हणून २००३ मध्ये निक्सी, म्हणजे राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्र, ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. नोएडा, मुंबई, चेन्नई व कोलकाता येथे आरंभीची केंद्रे होती. देशातील माहिती देशातच वळविणे हे त्यांचे काम. लूपबॅक हे संगणकाच्या पातळीवर जे करतो, तेच तत्त्व येथे देशाच्या पातळीवर आहे, जरी यंत्रणा पूर्णतः भिन्न असली तरी. २०१२ पासून निक्सीचाच एक विभाग असलेली इरिन ही संस्था भारतात आयपी पत्त्यांचे वाटप करते.

स्वतः करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवितो. इंटरनेट बंद करून १२७.०.०.१ ला 'पिंग' ही आज्ञा द्यावी. उत्तर येईल. मग लिनक्स असलेल्या संगणकावर १२७.५.६.७ असा मनाला येईल तो पत्ता द्यावा. तेथेही उत्तर येईल, कारण संपूर्ण गटच स्वतःचा आहे. मॅक संगणकावर मात्र मूळ मांडणीत केवळ १२७.०.०.१ च उत्तर देतो. मानक आणि अंमलबजावणी यांत अंतर असते, ते येथे प्रत्यक्ष दिसते.

राहता राहिली त्या विद्यार्थ्याची गोष्ट. आमच्या विभागातील एका तरुण सहकाऱ्याने मला हा सर्व प्रकार पाच मिनिटांत समजावून दिला आणि मी विद्यार्थ्यास पुन्हा बोलाविले. तो भावाचा लॅपटॉप घेऊन आला. प्रयोगशाळेच्या जाळ्यास तो जोडला, सर्व्हरच्या मांडणीत १२७.०.०.१ च्या जागी ०.०.०.० केले, आणि लॅपटॉपला मिळालेला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता फळ्यावर लिहिला. मी माझ्या मेजावरील संगणकात तो टंकला. पान उघडले. सर्वांत वर त्या आठवड्याची कांद्याची आवक होती आणि तिच्याखाली कोसळत गेलेल्या भावाची रेषा. मी शेरा खोडला, गुण दुरुस्त केले व खाली तारखेसह स्वाक्षरी केली. परत जाण्यापूर्वी त्याने आठवणीने ०.०.०.० पुसून पुन्हा १२७.०.०.१ लिहिले.